केमो चालू असताना पायाची जखम लाल झाली, पण पू नाही. घरीच मलम लावून थांबू का?

थांबू नका, आजच दाखवा. तुम्ही लिहिलंय, वडिलांना निफाडच्या बागेत तार लागली, भोवती लाली आहे, पण पू नाही. पू नाही हाच दिलासा समजू नका. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्याच पेशी सर्वांत कमी होतात, मग पू होणार कशाचा? जंतू आत पसरतात आणि वरून जखम साधीच दिसते.

माझ्या आईच्या मांडीवर सकाळी मसुराएवढा लाल ठिपका होता. संध्याकाळी तो जांभळा झाला, मधे रक्ताळलेला फोड. दुसऱ्या दिवशी काळी खपली. स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं म्हणून आई वाचली.

निघण्याआधी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, म्हणजे ती किती सरकली ते डॉक्टरांना दिसेल. ताप मोजा. १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, अंगात थंडी भरली असेल, किंवा जखमेच्या मानाने वेदना फारच असतील, तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा. पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका. आणि ताप नाही म्हणूनही थांबू नका, स्टिरॉइड चालू असेल तर तो चढेलच असं नाही.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला." हळद, चुना काही लावू नका. जखम भरेपर्यंत रामकुंडावर स्नानही नको.