गावात पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी, नाणी, खापरं सापडतात. संग्रहालयाच्या इमारतीसाठी निधी कुठून मिळेल?

इमारत राहू द्या, आधी नोंदवही घ्या.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इथलं कापड पैठणच्या मालाबरोबर गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं, असं पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पण तिथलं संग्रहालय इमारतीपासून सुरू झालं नाही. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने मणी, मृण्मूर्ती (भाजक्या मातीच्या मूर्ती), नाणी गोळा करून ठेवली. सरकारी संग्रहालय त्यावर उभं राहिलं आणि त्यांच्याच नावाने चालतं. इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती बाईशी जिचं साम्य सांगतात, ती बाहुली याच संग्रहातली.

'हौशी माणसाने गोळा केलेलं, मातीच्या कुठल्या थरातलं ते माहीत नाही, म्हणजे कचरा' हे ऐकून माझे कान किटलेत. पांढरीची माती माळवदावर आणि शेतात जातच असते. ती अडवायला कुठला पुरातत्त्वज्ञ बसला होता? पुढे तेरला उत्खननं झाली, थर मिळाले, म्हणून तुलना करून काळ सांगता येतो. मात्र कुठलं टेकाड, किती खोल, हे तेव्हाच लिहिलं नाही तर नंतर कोणी सांगू शकत नाही.

म्हणून वहीत लिहा: क्रमांक, तारीख, गट नंबर, वर सापडलं की खड्ड्यात, खोली, कोणी दिलं, माप मिलिमीटरमध्ये. फोटोत पट्टी ठेवा. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरात. क्रमांक वस्तूवरही हवा: १०० मिली ॲसिटोनमध्ये २० ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) विरघळवा, मागच्या बाजूला नखाएवढा थर द्या, सुकल्यावर काळ्या शाईने आकडा, वर पुन्हा थर. ॲसिटोनने तो पुसताही येतो. भाजक्या मातीवर थेट मार्कर चालवलात तर शाई आत मुरते, कायमची.

मृण्मूर्ती धुवू नका. आतले क्षार विरघळतात, सुकताना पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि नाकडोळे पापुद्र्यासारखे सुटतात. मऊ कोरडा ब्रश पुरे. तांब्याच्या नाण्याला चिंच लावणाऱ्याला तर संग्रहालयाची किल्लीच देऊ नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात.

हे सगळं वर पडलेल्या किंवा दुसऱ्या कामाच्या खड्ड्यात आपोआप निघालेल्या वस्तूंपुरतं. स्वतः खणायचं नाही. १०० वर्षांवरची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. दगडी मूर्ती असेल तर नोंदणी करावी लागते. नाण्यांचा हंडा निघाला तर १८७८चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

निधीचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीकडे न गळणारी एक खोली आणि कुलपाचं लोखंडी कपाट मागा. वही दाखवून मागा.