धुळे-जळगाव रस्त्यावर खड्डा आला की गाडीचा स्टिरिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोष कुठे शोधावा?

हादऱ्याबरोबर स्टिरिओ बंद पडत असेल, तर नवा घेण्याआधी सैल जोडणी शोधावी. बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंत पिवळी वायर बॅटरीचा कायमचा पुरवठा, लाल वायर चावी फिरवल्यानंतरचा पुरवठा आणि काळी वायर अर्थिंग देते. बंद पडल्यावर घड्याळ व साठवलेली स्टेशने पुसली जात असतील, तर पिवळी किंवा काळी वायर तपासावी. ती शाबूत राहत असतील, तर संशय लाल वायरवर. काळ्या वायरचे टोक पुष्कळदा रंगवलेल्या पत्र्यावर नुसते आवळलेले असते. तिथला रंग खरवडून स्क्रू उघड्या धातूवर बसवावा. फ्यूज सहसा अर्धवट उडत नाही, मात्र त्याचा होल्डर सैल असू शकतो. चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आपल्याकडच्या उन्हाळ्यात हमखास सुटतात, म्हणून ते सोल्डर करून घ्यावेत.