उत्मानझईतला ‘झई’ आणि आदमखेलमधला ‘खेल’

प्रश्न असा आला आहे: खान अब्दुल गफारखान यांचं गाव कुठे ‘उत्मानजई’ तर कुठे ‘उत्मानझाई’ असं छापलेलं दिसतं. बरोबर कोणतं? शेवटचा ‘झई’ हा आपल्या पूर-वाडीसारखा गावाचा प्रत्यय आहे का? आणि ‘दर्रा आदमखेल’ या पाकिस्तानातल्या गावाच्या नावातल्या ‘खेल’चा खेळाशी काही संबंध आहे का?

आधी थेट उत्तर. हे दोन्ही शब्द मुळात गावाचे नाहीत, माणसांचे आहेत. ‘झई’ म्हणजे अमक्याचे वंशज, ‘खेल’ म्हणजे कुळी, भावकी. उत्मान नावाच्या मूळपुरुषाची प्रजा ती उत्मानझई. ती जिथे कायमची वसली त्या गावाला तेच नाव पडलं. आपल्याकडची रीत बरोबर उलटी आहे. आपण गाव आधी धरतो, त्याला ‘कर’ लावतो आणि आडनाव तयार करतो. पठाणांच्या मुलखात माणूस गावावरून ओळखला जाण्याऐवजी गावच माणसांवरून ओळखलं जातं. एवढं ध्यानात ठेवलं की तिथल्या नकाशावरची निम्मी नावं आपोआप उलगडतात.

आता ‘झई’ जरा जवळून पाहू. पश्तूत, म्हणजे पठाणांच्या भाषेत, मुलाला ‘झोय’ म्हणतात आणि ‘झई’ त्याच घराण्यातला. फारसीतला ‘जादा’ आपण शहाजादा, साहेबजादा या शब्दांत रोज वापरतो; तोही याच मुळाचा. संस्कृतात हाच धातू ‘जन्’. अनुज, आत्मज यांतला ‘ज’ म्हणजे जन्मलेला. संस्कृतात जिथे ‘ज’ तिथे इराणी भाषांत पुष्कळदा दंततालव्य, ‘जग’मधल्या ‘ज’सारखा, उच्चार येतो. संस्कृत ‘जानु’ म्हणजे गुडघा, फारसीत तो ‘झानू’ आणि पश्तूत ‘झंगून’. म्हणजे युसूफझई या पठाण जमातीच्या नावातला ‘झई’ परका वाटला तरी आपल्या ‘अनुज’चा दूरचा भाऊच आहे.

उच्चाराचं म्हणाल तर ‘झाई’ हा दीर्घ आकार इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्याकडे आला. मुळात तिथे ऱ्हस्व ‘अ’ आणि त्यापुढे ‘य’ आहे. एक पुरुष तो युसूफझय, अनेक असले तर युसूफझी. मराठीत ‘झरा’, ‘झाड’ यांतला झ या उच्चाराच्या बराच जवळ जातो, त्यामुळे नुक्त्याची, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाची, गरज पडत नाही. ‘उत्मानझई’, ‘युसूफझई’ असं लिहिणं मला सगळ्यांत योग्य वाटतं. ‘उत्मानजई’ अगदी चूक म्हणता येणार नाही, पण ‘जई’ वाचताना जगातला ज उच्चारला जाईल की जयातला, हे वाचणाऱ्यावर सोडावं लागतं.

‘खेल’ची गोष्ट याहून रंजक आहे. आपला खेळ संस्कृत ‘खेल्’ धातूतून आला. पठाणांचा ‘खेल’ अरबी ‘खैल’मधून आला, आणि त्याचा अर्थ घोडे, घोडेस्वारांचा जथा. फारसीत त्याला पथक, टोळी असा अर्थ आला आणि पश्तूत तो कुळीवर स्थिरावला. हा शब्द मराठी माणसाने शाळेतच ऐकलेला असतो, फक्त त्याच्याकडे लक्ष गेलेलं नसतं: सरखेल कान्होजी आंग्रे! दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेत दहा घोडेस्वारांवरचा अंमलदार तो सरखेल. तोच किताब आपल्याकडे आरमाराच्या प्रमुखाला मिळाला. घोड्यावरचा शब्द कोकणात येऊन गलबतावर चढला आणि तिकडे खैबरच्या डोंगरात आफ्रिदी या पठाण जमातीच्या शाखांना चिकटला: आदमखेल, झकाखेल, कुकीखेल, मलिकदीनखेल. मोठ्या जमातीला झई आणि तिच्या पोटशाखेला खेल असं साधारण दिसतं, पण तो नियम मानू नये. पोटशाखेलाही झई लागलेला पुष्कळ ठिकाणी सापडतो.

आता गावाकडे येऊ. उत्मानझई आजच्या पाकिस्तानातल्या चारसद्दा जिल्ह्यात, स्वात नदीच्या पूर्वेच्या सुपीक पट्ट्यात आहे. उसाचं, गुळाचं रान. या पट्ट्याचं जुनं नाव हश्तनगर, म्हणजे आठ नगरं: चारसद्दा, प्रांग, रज्जर, उत्मानझई, तुरंगझई, उमरझई, शेरपाव आणि तंगी. फारसी ‘हश्त’ म्हणजे आपलं अष्ट. पश्तूत आठाला ‘अत’ म्हणतात, तो तर ‘आठ’च्या आणखी जवळचा. तिथली माणसं बोलताना या मुलखाला ‘अश्नघर’ म्हणतात. यांतली उत्मानझई, तुरंगझई, उमरझई ही नावं मुहम्मदझई जमातीच्या शाखांची आहेत. काबूलकडून आलेल्या युसूफझईंच्या सोबतीने ही जमात सोळाव्या शतकाच्या सुमारास इथे उतरली आणि शाखेगणिक गाव वसलं.

जमीन मात्र त्यांच्या कितीतरी आधीपासून वसलेली. चारसद्द्याजवळची बाला हिसारची पांढर म्हणजे गांधारची जुनी राजधानी पुष्कलावती. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1958 मध्ये तिथे उत्खनन केलं. शेजारून वाहणारी स्वात ही ऋग्वेदातली सुवास्तु आणि ती जिला मिळते ती काबूल नदी म्हणजे कुभा.

मग सगळीच गावं झई-खेलची का नाहीत? याचं उत्तर वरच्या स्वात खोऱ्यात मिळतं. युसूफझईंनी तो मुलूख घेतल्यावर त्यांचे पुढारी शेख मली यांनी जमिनीची वाटणी ठरवली. प्रत्येक शाखेचा हिस्सा कायम, पण जमीन कायम नाही. एकाला पाणथळ आणि दुसऱ्याला खडकाळ असा अन्याय होऊ नये म्हणून ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकून जमिनींची अदलाबदल व्हायची. या पद्धतीला ‘वेश’ म्हणत. वेळ आली की भावकीच्या भावकी बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाई. ज्याचा हिस्सा नोंदलेला तो ‘दफ्तरी’, हिस्सा गमावला की तो ‘फकीर’. हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे, पण अर्थ इथे किती वेगळा! वतन म्हणजे तुकडा नव्हे, वाट्याचा हक्क, ही कल्पना मला फार विलक्षण वाटते. स्वातमध्ये मियांगुल अब्दुल वदूद यांच्या राजवटीत, 1920 च्या दशकात ही पद्धत बंद झाली. माणसं अशी फिरती असल्यामुळेच तिथल्या जागांना जुनी नावं राहिली असावीत, असं मला वाटतं. उडीग्राम हे नाव पाहा. त्यातला ‘ग्राम’ सगळ्या फेरवाटण्यांतून टिकला.

गावाला पश्तूत ‘कलय’ म्हणतात. वाडी, वस्तीला ‘बांडा’, जुन्या टेकाडाला ‘ढेरी’, तटबंदीच्या जागेला ‘गढी’; मर्दानजवळच्या गढी कपुरातली गढी आणि आपल्या पाटलाची गढी एकच. गावाचे भाग असतात त्यांना ‘कंदी’ म्हणतात आणि साधारणपणे दर कंदीची स्वतःची मशीद आणि स्वतःचा हुजरा. हुजरा म्हणजे पुरुषमंडळींची सामायिक बैठक. ओळीने मांडलेल्या खाटा (त्यांना ‘कट’ म्हणतात), पाहुण्याची उतरण्याची सोय, रात्री रबाब आणि ताल धरायला मातीचा घडा. लग्न, मयत, जिरगा म्हणजे पंचायत, सगळं इथेच. या शब्दाची आपल्या ‘हुजऱ्या’शी गल्लत करू नये. हुजरा अरबी ‘हुज्रा’ म्हणजे खोली यातून आला, तर हुजऱ्या ‘हुजूर’वरून. बायकांची भेटण्याची जागा म्हणजे ‘गुदर’, नदीचा पाणवठा. पश्तू लोकगीतांत तो पदोपदी येतो.

बादशहाखानांचा, म्हणजेच अब्दुल गफारखानांचा, जन्म 1890 मध्ये अशाच घरात झाला. वडील बहराम खान गावचे मोठे जमीनदार. 1921 मध्ये बादशहाखानांनी गावात आझाद शाळा काढली. 1934 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांना सरहद्द प्रांतात जायला बंदी होती, तेव्हा ते वर्ध्याला येऊन राहिले आणि तिथूनच त्यांना पुन्हा अटक झाली. 1938 मध्ये गांधीजी उत्मानझईला जाऊन राहिले.

एक सावधगिरी मात्र हवी. नाव कुळीचं असल्यामुळे ते एकाच जागेचं राहत नाही. वझिरिस्तानातल्या वझिरांचीही एक मोठी शाखा उत्मानझईच म्हणवते आणि तिचा या गावाशी संबंध नाही. काबूलच्या राजघराण्याचे मुहम्मदझई वेगळे, हश्तनगरचे वेगळे. त्यामुळे नुसतं ‘उत्मानझई’ लिहून थांबू नये. ‘चारसद्द्याजवळचं उत्मानझई’ असं पूर्ण लिहावं.