हाताने आटे पाडताना टॅप तिरका जातो, सरळ कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की पेरणी यंत्राच्या १० मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीत एम ८ चे (८ मिलिमीटर बोल्टचे) आटे पाडताय, ड्रिल हातातलं आहे आणि टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, दर वेळी कलतो. मी वाळूज एमआयडीसीत फिटर आहे. माझं पहिलं सांगणं असं, की टॅपच्या आधी भोक तपासा. टॅप भोकाच्या मागे जातो. भोकच तिरकं असेल तर हात कितीही स्थिर ठेवा, आटे तिरकेच येणार.

शक्य असेल तर तालुक्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पिलर ड्रिलवर (खांबाला बसवलेल्या ड्रिल मशीनवर) ६.८ मिलिमीटरचं भोक पाडून आणा. तिथंच २५ मिलिमीटर जाडीच्या सपाट ठोकळ्यात ८.२ मिलिमीटरचं सरळ भोकही पाडून घ्या. हा ठोकळा पट्टीवर भोकाशी जुळवून क्लॅम्पने आवळा आणि त्यातूनच टॅप उतरवा. बाजूने आधार मिळाला की टॅपला कलायला जागाच राहत नाही. दोन-तीन आटे धरले की ठोकळा काढून घ्या.

ठोकळा नसेल तर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घ्या. भोकाच्या तोंडाची कड मोठ्या ड्रिलने थोडी मारा, टॅपच्या सेटमधला निमुळत्या तोंडाचा पहिला टॅप लावा आणि मधोमध दाब देत एक-दोन फेरे फिरवा. मग हँडल काढून टॅपच्या गुळगुळीत दांड्याला गुण्या लावा, आधी समोरून, मग काटकोनात बाजूने. एकाच बाजूने बघितलं तर दुसरीकडचा कल दिसत नाही. कललेला दिसला तर उलटा फिरवून पूर्ण बाहेर काढा आणि विरुद्ध बाजूला किंचित दाब ठेवून पुन्हा सुरू करा.

चार-पाच आटे पडल्यावर मात्र टॅप हाताने सरळ करायला कृपा करून जाऊ नका. टॅप ज्याचा असतो ते एचएसएस (हाय स्पीड स्टील) कडक असतं, पण ठिसूळ. बाजूचा जोर आला की तुटतं आणि आत अडकलेला तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. आमच्याकडे असे तुकडे स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर) काढावे लागतात.

टॅप एका बाजूने पाना लावून फिरवत असाल तर तेही बंद करा, कल बऱ्याचदा तिथूनच येतो. दोन मुठींचं हँडल, दोन्ही हातांना सारखा जोर. एकदा आटे धरले की वरून दाबायचं नाही, टॅप स्वतःच आत ओढला जातो. कटिंग ऑइल घाला, थोडं पुढे गेलं की अर्धा फेरा मागे घ्या म्हणजे बुरा तुटतो. दुसरा टॅप आधी बोटांनीच फिरवून जुन्या आट्यांत बसवा, हँडल नंतर लावा.