डिझेल इंजिन कानाने ओळखायचं असतं

अरे, तुझे नाशिकरोडचे फोटो बघितले, भारी आलेत, पण खाली जे लिहिलंस ना की डिझेल इंजिनं सगळी सारखीच, ते काही पटलं नाही बघ. दिसत असतील सारखी, पण ती ओळखायची कानाने.

नाशिकरोडवर आमच्या वेळेसही वरून विजेची वायरच, म्हणून डिझेल बघायला कॉलेजात असताना आम्ही मनमाड गाठायचो. तपोवन एक्सप्रेस आली की इलेक्ट्रिक इंजिन सुटायचं आणि औरंगाबादकडे न्यायला डिझेल लागायचं, त्यात डब्ल्यूडीएम-२ हे जुन्या जातीचं इंजिन असलं की आमची दिवाळी. १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, डिझाइन अमेरिकेच्या अल्को कंपनीचं, १९६२ला पहिली तिकडून आली, १९६४पासून वाराणसीला बनायला लागली. नुसतं उभं असतानाही त्याचा आवाज एका लयीत नसतो, धाप लागल्यासारखा खालीवर होतो आणि प्लॅटफॉर्मची फरशी पायाखाली थरथरते, मला ते अजून आठवतं. मग सिग्नल पडला, ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकद वाढवायची पायरी, चढवला (एकूण ८ असतात) की काळा धूर भसकन वर! लोक म्हणायचे इंजिन बिघडलं, पण तसं नसतं रे, डिझेल लगेच जास्त जातं आणि टर्बोला, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याला, वेग धरायला वेळ लागतो, तेवढ्यात हवा कमी पडते म्हणून धूर. टर्बोची शिटी चढत गेली की धूर आपोआप विरळ होतो. नंतरची ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनची टू-स्ट्रोक, ती एकसारखी घुमतात, ताकदवान आहेत पण मला तरी अल्कोची सर नाही वाटत.

तर आता सगळीकडे वायर टाकून झालीये, अल्को क्वचितच, एखाद्या यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे इकडेतिकडे हलवायला, दिसलं तर दिसलं. दिसलं की आधी मोबाईल खिशात ठेव आणि पाच मिनिटं नुसतं ऐक, मग काढ फोटो. रुळावर उतरायचं नाही, प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या मागेच, हे मी दहादा सांगेन.

आणि वही ठेव. नंबर, इंजिनाची देखभाल होते त्या शेडचं नाव (पुणे, काझीपेठ, गुटी, जे कॅबवर लिहिलेलं असेल ते), गाडी, तारीख, सगळं. माझ्या पहिल्या दोन वह्यांमध्ये नुसते नंबर आहेत, कुठली गाडी, कुठला दिवस काहीच नाही, आज उघडल्या की फार हळहळ वाटते.

सुट्टीत ये, त्या दाखवतो तुला, आणि मग मनमाडजवळच्या अंकाईला जाऊ.