जुनी डिझेल इस्टेट गाडी घेताय? आधी एवढं बघा

इंग्लंडात नवीन आहात आणि स्वस्तात १,५०,००० मैल झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट (मागे सामानाला मोठी जागा असलेली लांब गाडी) घ्यायची म्हणताय, विचार चांगलाय. मैलांचा आकडा बघून घाबरू नका, मोटरवेवर पळालेली आणि वेळेवर ऑइल बदललेली गाडी कमी चाललेल्या पण दुर्लक्ष झालेल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

पहिलं काम, सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून एमओटी हिस्टरी, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची नोंद, काढा, फुकट असते. नुसतं पास-नापास नको, अॅडव्हायजरी, म्हणजे पास करतानाही तपासणाऱ्याने लिहिलेल्या सूचना, नीट वाचा, गंज कुठे धरलाय ते तिथेच कळतं, मायलेजमध्ये गडबड असेल तर तीही दिसते.

- टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग तालात फिरवणारा पट्टा) बदलल्याची पावती मागा. "बदललाय हो" यावर विश्वास नको, तो तुटला तर इंजिन गेलंच समजा. पावती नसेल तर बेल्ट आणि वॉटर पंपाचा खर्च धरूनच भाव करा.
- इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघा, गरम इंजिनात स्टार्टिंगचे दोष लपतात. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.
- लंडनमध्ये युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचा मानक) नसलेल्या डिझेलला युलेझचे, म्हणजे कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात गाडी चालवण्याचे, दिवसाला १२.५० पौंड पडतात, गाडी युरो ६ आहे का हे आधी तपासा.

आणि डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली गाडी रोज दोन मैल शाळेपर्यंतच चालवू नका, काजळीने फिल्टर चोंदतो. मी पहिल्या हिवाळ्यात हेच केलं आणि फार महागात पडलं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोटरवेवर न्या.

सगळे पैसे खरेदीत घालू नका, थोडे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवाच. टर्बो, इंजेक्टरचं नंतर बोलू. गाडी बघून आलात की एमओटीत काय लिहिलंय ते सांगा, मी बघतो.