टर्बो-पेट्रोल गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर उठत नाही. फायनल ड्राइव्ह बदलून फरक पडेल का?

तुमचा प्रश्न असा: एक लिटरचं टर्बो-पेट्रोल, पाच गिअर. आंबेनळी घाटात वळणावर वेग वीसवर आला की दुसऱ्यात गाडी उठत नाही, मग अचानक उसळते. गॅरेजवाला म्हणतो, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारी शेवटची दातेरी चाकांची जोडी) आखूड टाकू, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे जास्त फेरे होतील.

फरक पडेल, पण खर्चाच्या मानाने नगण्य.

आधी इंजिनचं बघू. उदाहरणार्थ, फोक्सवॅगन पोलोच्या एक लिटर टीएसआय या टर्बो इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याची ताकद) १७५ न्यूटन-मीटर, तोही १७५० ते ४००० आरपीएममध्ये. त्याच पोलोत विनाटर्बो एक लिटरचं इंजिन यायचं, त्याचा टॉर्क ९५. म्हणजे १७५० च्या बरंच खाली तुम्ही जवळपास त्या दुसऱ्या इंजिनावर घाट चढताय. एक्झॉस्टचा प्रवाहच इतका कमी असतो की त्यावर फिरणारं टर्बोचं चाक, म्हणजे टर्बाइन, पुरेसं फिरत नाही, आणि पाय कितीही दाबला तरी प्रेशर तयार होत नाही. याला सगळे सरसकट ‘लॅग’ म्हणतात, पण लॅग म्हणजे आरपीएम पुरेसे असताना टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ. तुमचा त्रास उंबरठ्याखाली, म्हणजे टर्बो कामाला लागतो त्या आरपीएमच्या खाली, राहण्याचा आहे, आणि त्यावर इलाज गिअरचा.

आता आकडे. तुमच्या गाडीचे नेमके रेशो (फेऱ्यांचं प्रमाण) मॅन्युअलमधून घ्या. मी या वर्गात शोभतील असे धरतो: पहिला ३.६, दुसरा १.९५, पाचवा ०.७५, फायनल ४.१, टायरचा घेर १.९५ मीटर. दुसऱ्यात ताशी २० किमीला इंजिन साधारण १३७० वर फिरतं. १७५० गाठायला २५-२६ चा वेग हवा. फायनल ४.५ केलं तर तेच २३ च्या आसपास येईल. गिअरबॉक्स उतरवून, उघडून, नवा क्राउन-पिनियन (फायनल ड्राइव्हची ती जोडी) घालून कमावले काय, तर ताशी दोन-अडीच किमी! वर एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला पाचव्यात २६३० ऐवजी २८८५ आरपीएम, रोजच. लहान टायर लावूनही हेच होतं, शिवाय स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो.

मुख्य अडचण पहिल्या आणि दुसऱ्यामधल्या दरीची आहे. ३.६ भागिले १.९५ म्हणजे १.८५. पहिल्यात ३००० वर असताना दुसरा टाकलात की दुसऱ्यात इंजिन १६२० वर पडतं, उंबरठ्याच्या खाली. फायनल ड्राइव्ह सगळ्याच गिअरांना सारखाच गुणतो, त्यामुळे ही दरी तसूभरही कमी होत नाही. ३५०० पर्यंत ओढून टाका, दुसऱ्यात १८९० मिळतील आणि गाडी लगेच धरेल. दुसरा-तिसरा अंतर कमी असतं, तिथे ३००० पुरतात. म्हणूनच पोलो टीएसआयच्या मॅन्युअलला सहा गिअर दिले होते. पायऱ्या जवळजवळ ठेवता येतात आणि वरचा गिअर लांबही ठेवता येतो. टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) इथे उजवी: कन्व्हर्टर घसरतो, इंजिनला वर चढू देतो आणि टॉर्कही वाढवतो.

मोठा टर्बो बसवायचं डोक्यात असेल तर तेही नको. उंबरठा आणखी वर जाईल आणि हाच गिअरबॉक्स दुप्पट त्रासदायक होईल. छोटा टर्बो वर ५५०० नंतर दमतो, कारण चिंचोळ्या टर्बाइनमुळे एक्झॉस्टचा मार्ग तुंबतो. पण घाटात तिथवर जायचंच कुणाला आहे?

तेव्हा वीसला सरळ पहिला टाका. २५०० आरपीएम मिळतील. चालत्या गाडीत पहिला टाकू नये हे जुन्या, पहिल्याला सिंक्रो (गिअर बसण्याआधी दोन्हीकडचा वेग जुळवणारा भाग) नसलेल्या गाड्यांचं शास्त्र. आताच्या गाड्यांत असतो. क्लच दाबून पहिला टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला द्या, क्लच सोडताना धक्का बसणार नाही. दुसऱ्यातच पाय पूर्ण दाबून रेटत राहू नका: डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड मिळून वेळेआधीच ज्वलन होऊ शकतं आणि त्यात पिस्टन फुटू शकतो.

गॅरेजवाला रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) सुचवेल, तेव्हा वॉरंटीचं आधी विचारा.